सहीपुरता

१४ मार्च २००२

आज कृषी सहायक येऊन गेले. वरकसावर, उतारावरच्या हलक्या जमिनीत, लावलेल्या आंब्याच्या कलमांचं हे तिसरं वर्ष. पाऊस लागला की शेवटची मोजणी. शंभरातली नव्वद जिवंत दिसली की अनुदानाचा शेवटचा हप्ता! "वत्सलाबाई, मग सुटलात तुमी सरकारच्या तावडीतून," म्हणाले नि हसले. मीही हसले. चहा दिला.

शेवटचा. मग सुनिल कशाला येईल?

१५ मार्च

हे गेल्यापासून सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं — मी, नि ह्यांच्या पहिलीचा सुनिल. म्हणून हप्त्याला दोघांच्या सह्या लागतात. सही असली की तो कल्याणहून येतो. सकाळच्या एसटीने येतो, दुपारच्या एसटीने जातो. मला मावशी म्हणतो. चार वर्षांचा होता तेव्हापासून मावशीच. मी कधी हट्ट धरला नाही. मला वाटायचं, आपसूक म्हणेल एक दिवस. कसलं काय!

२ एप्रिल

सहायकांना सहज विचारलं, कलमं मेली तर?

"तर हप्ता थांबला. नांग्या भरायच्या — मेलेल्याच्या जागी नवी लावायची. मोजणी परत पुढच्या साली."

परत मोजणी. म्हणजे परत सही! नको ते डोक्यात येतंय.

९ एप्रिल

वरच्या ओळींना आज पाणी घातलं नाही. झऱ्यावरून हंडे आणले नि खालच्याच ओळींना घातले. शेजारची बाळी बघत होती. "वरल्यांना पानी नाय? त्यांनी काय पाप केलाय गो?" म्हटलं, कंबर धरली. खोटं! कंबर ठणठणीत आहे.

२८ एप्रिल

वरच्या ओळी करपल्या. पान हातात घेतलं की चुरा. ते खड्डे ह्यांनी खणले होते, पहारीने, त्या कातळात. मला ह्यांची फार लाज वाटली. तरी पाणी घातलं नाही.

१९ मे

दुकानातून फोन केला. सुनिल कामावर.

२८ जून

मोजणी झाली. सुनिल आला होता. मी चोरासारखी मागे मागे. सहायक वरच्या ओळींत शिरले, नि एकेका खोडाशी वाकून म्हणतात, जिवंत! हा पण जिवंत!

वरचं कलम मेलेलं, पण पावसाने खालच्या खुंटाला फुटवे आलेत. हिरवेगार! "कलम गेलं, बाई. हा गावठी खुंट. याला रायवळ आंबाच लागंल. पन मला हिरवं दिसतंय, मला जिवंतच धरायला लागंल." करायला गेले गणपती, झाला मारुती.

सुनिलने सही केली. अर्धा चहा ठेवून निघाला. अंगणात थांबून म्हणाला, "मावशी, दर टायमाला माज्या सहीसाठी वाट बघत बसतेस. मला बरं नाय वाटत. कायतरी करतो मी."

काय करणार? इथे राहायला येतोय की काय!

१४ जुलै

आतली खोली सारवली. बाळी विचारते, "कोन पावना येतोय गो?" म्हटलं, पाहुणा नाही, घरचाच.

२६ सप्टेंबर

सुनिलने शहापूरला बोलावलं होतं. रजिस्टर कचेरीत हक्कसोड करून दिली. सगळी जमीन माझ्या एकटीच्या नावावर. पैसुद्धा घेतली नाही. बाहेर येऊन म्हणाला, "आता तुला माजी सही कशालाच नाय लागनार. सुटलीस."

बाळी म्हणते, "देवमानूस हाय गो! लोक बांधासाठी डोकी फोडतात." खरंच आहे. काय नाव ठेवणार त्याला? एसटीत रडू आलं, तेही लोकांना आनंदाचं वाटलं असेल. आतल्या खोलीत सरपण भरलं.

२७ सप्टेंबर

एक लिहायचं राहिलं. कचेरीत कारकुनाने त्याला विचारलं, ह्या तुमच्या कोण? सुनिल म्हणाला, "आई."

मी सही करत होते. मान वर करून त्याच्याकडे बघायचं राहूनच गेलं.