सलग वीस चेंडू

सर, आज मुलींचा व्हॉलीबॉलचा सराव मी मध्येच थांबवला. तुमचाच प्रकार चालू होता. मी बाकावर उभी, खाली तिघी जणी, आणि माझ्या हातून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दम घ्यायला न देता चेंडू सुटतायत. सलग वीस उचलायचे, एक जरी जमिनीला लागला तर पुन्हा एकपासून. सतराव्या चेंडूला नववीतली एक मुलगी पडली ती लवकर उठेना. मी ओरडले, "उठ वं! काय झोपून राह्यली?" आणि माझ्याच तोंडून तुमचा आवाज ऐकून मी बाकावरून खाली उतरले.

ते शब्द तुम्ही मला म्हणाला होतात. मी तेव्हा तिच्याच वयाची. संग्रामपूरकडच्या आपल्या शाळेचं ते काळ्या मातीचं मैदान, भेगा बुजवण्यासाठी आम्हीच टोपल्यांनी टाकलेला मुरूम, आणि जिल्ह्याची निवड आठवड्यावर आलेली. माझा पाळीचा दुसरा दिवस होता, पण ते तुम्हाला सांगणार कोण? मी खेळत राहते. अकरा, बारा, तेरा. चौदावा चेंडू येताना दिसतो आणि मग काहीच दिसत नाही. "उठ वं!" एवढंच कानावर येतं. शुद्धीवर आले तेव्हा शाळेतल्या शिपाईबाई माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि मान न वळवता तुम्हाला सांगत होत्या, "सर, पोरगी आजारी नाई. बाईमाणसाचं हाये. तुमाले कोण सांगंल?" तुम्ही बाकावर बसलात. शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवलीत.

घरी बाबांनी ऐकलं आणि एका वाक्यात विषय संपवला, "बस झालं आता खेळणं." मी चुलीपाशी बसून रडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सायकलवरून थेट आमच्या वांग्याच्या वावरात आलात. बाबा तोडणीला वाकलेले. मला वाटलं, आता तुम्ही माझ्या खेळाची तारीफ कराल, सर्टिफिकेटचं, नोकरीचं काही सांगाल. तुम्ही वावराच्या कडेला धुऱ्यावर चप्पल काढलीत आणि म्हणालात, "भाऊ, चूक पोरीची नाई, माही हाये. मले समजाले पाह्यजे होतं. माफी मागाले आलो."

मास्तर आपल्याकडे माफी मागायला आलाय, हे बाबांना कसं घ्यावं तेच कळेना. त्यांनी मातीचे हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. मग एकदम माझ्यावरच ओरडले, "पाह्यत काय राह्यली? सरायले च्या ठेव!" त्या दुपारी त्यांनी स्वतः मला मैदानावर आणून सोडलं.

चेंडूंच्या खोलीच्या दाराला तुम्ही सुतळीनं एक वही टांगली होती. वर लिहिलेलं, 'आज हलका सराव', आणि खाली आमची सगळ्यांची नावं. "जिले वाटंल तिनं नावापुढं फुली मारा," तुम्ही आमच्याकडे न बघता, जाळीची दोरी ओढत सांगितलंत. "मी काऊन म्हणून इचारनार नाई. माह्या बायकोनं सांगतलं, तुमाले समजत नाई तं पोरीयलेच ठरवू द्या." मी त्या वहीत पुढं कधीतरी उगाचच चार दिवस ओळीनं फुल्या मारल्या, नुसत्या कंटाळ्यानं. तुम्ही एक शब्द काढला नाहीत. विचारलं असतंत तर मी खोटं बोलले असते. विचारलं नाहीत, म्हणून पाचव्या दिवशी मी आपणहून वीस चेंडूंना उभी राहिले. जिल्ह्याच्या संघात माझं नाव आलं ते त्यानंतरच्या वर्षी.

आज त्या नववीतल्या मुलीजवळ बसून मी विचारलं, "काय होऊन राह्यलं? बरं वाटत नाई का?" ती म्हणाली, "मले काई नाई झालं मॅडम, नवे बूट चावून राह्यले." टाचेला हा एवढा फोड. मी म्हटलं, "चुकलं माझं, आधी विचारायला पाहिजे होतं." ती इतकी लाजली की बूट हातात घेऊन पळालीच. बाकीच्या हसायला लागल्या, मीही हसले, आणि मग घरी येऊन हे लिहायला बसले.

पोरींनाच ठरवू द्या म्हणणाऱ्या काकू अजून गावातच असतात. हे त्यांना वाचून दाखवावं असं लिहिता लिहिता फार वाटत होतं. पण मग पुढचंही वाचावं लागेल. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलींना घेऊन मलकापूरला स्पर्धेत होते. तुमच्या मातीला आले नाही. गाडी मिळाली नाही असं मी काकूंना सांगितलं, आणि त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला. गाडी होती, सर. दारात उभी होती. तिसरा सेट चालू होता आणि आम्ही दोन गुणांनी पुढे होतो.