वाटाणे मोजणारा पाद्री

१२ सप्टेंबर १९७१, सुरत
फार्मावरचा माझा सोबती, गावचाच उखर्डू, सुटी संपवून आला. पिशवी खाली ठेवायच्या आत सगळ्या गड्यांसमोर ओरडला — "तुना पोऱ्याना डोया घारा शेतस रे! कोनावर गया तो?" सगळे खो खो हसले. मीही हसलो.
पोर दोन महिन्यांचं. मी अजून पाहिलेलंही नाही. डोळे घारे म्हणे! माझे काळे, बायकोचे, प्रमिलाचे काळे, मायचेही काळेच.

१३ सप्टेंबर
हिशेब तर बसतो. मागच्या दिवाळीला घरीच होतो. तरी डोकं थांबत नाही.

१५ सप्टेंबर
या दिवाळीला गावी जायचं नाही. दुसरं काम बघीन, आणखी लांब. गावाकडची, अमळनेरची गाडीच नको!

२१ सप्टेंबर
फार्मावर घोटाळा केला. कपाशीची उद्या फुलणारी कळी सोलायची, तिचा स्वतःचा पराग नखानं काढायचा, वर लाल कागदाची टोपी. सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा — तेव्हा संकरित बी होतं. मी पराग न काढता नुसत्याच टोप्या घालत गेलो! अख्खी ओळ वाया. फार्माचे चौधरी साहेब रावेरकडचे, कधी आवाज चढवत नाहीत. आज चढवला — "अरे, या बोंडांचा बाप कोण, कसं सांगू मी आता?"
उखर्डू फिस्सकन हसला. मी त्याची गचांडी धरली.

२२ सप्टेंबर
साहेबांनी बांधावर बसवलं. सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. एका पाद्र्याची गोष्ट सांगितली. मेंडेल नाव. शेतकऱ्याचा पोरगा. मास्तरकीच्या परीक्षेत नापास — मी तर चौथीतच शाळा सोडली! मठाच्या बागेत त्यानं उंच आणि बुटक्या वाटाण्यांचा संकर केला. पोरं सगळी उंच. बुटकेपण गेलं कुठं? त्यानं तेच बी पुन्हा पेरलं. नातवंडांत बुटकी निघाली! गेलेलं नव्हतं, लपलेलं होतं.
"लपलेलं बाहेर निघायला ते आईकडूनही यावं लागतं, बापाकडूनही," साहेब म्हणाले. "डोळ्यांचं गणित जरा अवघड आहे. पण लपतं आणि निघतं, एवढं खरं."
वर्षानुवर्षं वाटाणे मोजले बिचाऱ्यानं. सभेत वाचून दाखवलं — कोणी मनावर घेतलं नाही. मेल्यावर जगाला पटलं.

२३ सप्टेंबर
उखर्डूला पाद्री सांगितला. म्हणतो, "मंग तुना पणजा इंग्रज व्हता का?" गाढव! पण हसू आलं. आज एकही कळी चुकली नाही.

१० ऑक्टोबर
रजा मंजूर! मायला विचारायचं — घराण्यात घारं कोण होतं? एक नाव मिळालं की बास. गावाची तोंडं बंद.

१६ ऑक्टोबर, घरी
माय म्हणते, कोणीच नव्हतं.
पोराला उचललं, बाहेर ओट्यावर येऊन बसलो. रस्त्यानं जाणारे गावातले चुडामण नाना थांबले, वाकून पोराचे डोळे बघायला लागले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं — "नाना, हाऊ मना पोऱ्या!"