नारळ घेतला, सही बाकी

वेसावे,
गुरुवार, ता. ११ सप्टेंबर १९८६

तीर्थरूप महादूमामांस भाचा चंदर याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींचा गुडघा आता कसा आहे? गेल्या खेपेला त्यांनी जिना नको म्हणून माळ्यावरची सुकी मासळी मला काढायला लावली होती आणि वर मीच जास्त खाल्ली असंही म्हणाल्या होत्या. (खाल्ली होती.) होडीला डांबर लावून झालं असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हा शब्द मी आज अगदी मनापासून लिहितोय. मागच्या आठवड्यात लिहिला असता तर खोटं लिहिल्याचं पाप लागलं असतं, म्हणून मी पत्रच लिहिलं नाही.

तुम्हाला माझी बर्फाची पेटी आठवते ना? साकीनाक्याच्या वर्कशॉपात मी फ्रिज दुरुस्त करतो, तिथल्या उरल्यासुरल्या थर्माकोलची आणि जस्ती पत्र्याची तुमच्या भाचेसुनेसाठी, सगुणासाठी केलेली. तुम्ही तिच्यावर बसून चहा प्यायला होतात. त्या पेटीत सकाळी भरलेला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकतो, त्यामुळे सगुणाचे पापलेट बाजार उठेपर्यंत ताजे राहतात आणि गिऱ्हाईकाला डोळे वटारून बघतात. ते पाहून अंधेरी बाजारातल्या आणखी सहा बायकांनी माझ्याकडून तशा पेट्या करून घेतल्या. सगुणाचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे मरोळच्या एका कंपनीच्या मालकीणबाई. त्यांनी ती पेटी पाहिली, घरी जाऊन साहेबांना सांगितली, आणि चौथ्या दिवशी साहेबांचा मला निरोप आला की येऊन भेट.

गेलो तर तिथे नव्या मशीनची पूजा चालू. साहेबांनी मला पुढे बोलावलं, पाठीवर हात ठेवला, सुपरवायझर करतो म्हणाले, आणि माझ्या हातात नारळ ठेवला. मामा, मी तो घेतला! दोन्ही हातांनी घेतला आणि वर वाकलोसुद्धा. आता आपल्या घरात नाखव्याचा नारळ घेणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. हंगाम संपेपर्यंत माणूस त्या होडीचा. तुम्ही तर तरुणपणी एका गळक्या होडीचा नारळ घेऊन बसलात आणि सगळा हंगाम अर्धा वेळ मासे धरण्यात नि अर्धा वेळ पाणी उपसण्यात काढलात, पण शब्द मोडला नाहीत. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझी छाती फुगायची. त्या दिवशी मात्र ती फुगलेली छाती खाली बसली, कारण नारळापाठोपाठ साहेबांनी सात पानांचं इंग्रजी ॲग्रीमेंट दिलं. घरी वाचा, म्हणाले, आणि पुढच्या सोमवारी सही करून आणा.

माझं इंग्रजी कंप्रेसरपासून सुरू होऊन व्हॉल्व्हपाशी संपतं. म्हणून मी ते शेजारच्या राजारामकडे नेलं. तो फोर्टात एका ऑफिसात टायपिस्ट आहे आणि आमच्या गल्लीत कागदाचा शेवटचा शब्द त्याचा. त्याने चष्मा लावून सातही पानं तासभर तपासली. शेवटी म्हणाला, झकास काम आहे, समास दोन्हीकडे सारखा सोडलाय आणि सात पानांत एकही खाडाखोड नाही, डोळे मिटून सही कर. मी पेन काढलं, त्यात शाई नव्हती म्हणून शाई शोधायला उठलो, यावरून माझी अक्कल तुमच्या लक्षात येईल.

सगुणा कोळंबी सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नारळ घेतलास ना? मग सात पानं कशाला? एक तर त्याचा तुझ्या नारळावर इश्वास नाय, नायतर त्याला नारळाहून मोठं काय तरी पायजे हाय. तू वकिलाला दाखव."

मामा, आपल्या खानदानात आजवर वकिलाकडे कोण गेलंय? ज्याने कोणाला कोयता मारला तोच. मी लग्नातला पांढरा शर्ट घालून निघालो, तर नाक्यापर्यंत तिघांनी हळूच विचारलं, कोणाला मारलंस रे? मी नोकरीसाठी जातोय म्हटल्यावर त्यांना ते आणखीच संशयास्पद वाटलं. दुपारपर्यंत सगळ्या कोळीवाड्यात झालं की चंदर बायकोला सोडचिठ्ठी देतोय. सगुणाची मावशी सोनूबाई पदर खोचून दारात येऊन बसली. रडून झाल्यावर तिने आमची भांडीही मोजून घेतली, वाटणीच्या वेळी घोळ नको म्हणून.

वकील म्हणजे मरोळ गावठाणातले युस्टेस अंकल. त्यांची आई क्लाराबाय सगुणाकडूनच बोंबील घेते, तेवढाच आमचा वशिला. माणूस कोर्टाचा असला तरी घरी बनियनवर बसतो आणि आपल्यासारखंच बोलतो. व्हरांड्यात कोंबड्या फिरत होत्या, त्यांना हुसकत हुसकत त्यांनी लाल पेन्सिलीने वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर त्यांनी कोंबड्या हुसकणं सोडून दिलं. पाचव्या पानावर विचारलं, "चंदर, तुझ्या बायकोची पेटी कोणाची रे?"

सगुणाची, मी म्हटलं.

"सही केलीस की साहेबाची," ते म्हणाले, आणि मला एकेक कलम मराठीत वाचून दाखवलं. मी आजवर घरी किंवा कारखान्यात बनवलेली आणि पुढे बनवीन ती थंड ठेवायची प्रत्येक वस्तू कंपनीची. मी किंवा माझ्या घरच्यांनी ती कंपनीच्या परवानगीशिवाय करायची नाही, विकायची नाही, वापरायचीसुद्धा नाही. म्हणजे सगुणाने रोज सकाळी मरोळला अर्ज करायचा आणि मग पापलेट पेटीत ठेवायचे! त्या सहा बायकांच्या पेट्याही गेल्या. वर मी पाच वर्षांच्या आत नोकरी सोडली तर तीन वर्षं मुंबईत कुठल्याही फ्रिजला हात लावायचा नाही. पेनात शाई नव्हती म्हणून वाचलो, नाहीतर बायकोचा धंदा मी स्वतःच्या सहीने घालवला असता. खरंच सांगतो, मी तिथे क्लाराबायसमोर रडलो.

रडत रडत मी नारळाचंही सांगितलं. आता काही उपयोग नाही अंकल, मी नारळ घेतलाय, माझी वाट लागली. युस्टेस अंकलनी लाल पेन्सिल कानावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले की नारळाला आणि वाकण्याला कायद्यात कलम नाही; जोवर सही नाही तोवर तू मोकळा आहेस, आणि सही करण्याआधी बोलणी करायची असतात, ती करू. मामा, 'मोकळा' हा शब्द ऐकून मी दोन पेले पाणी प्यायलो. पण मन खातच होतं. कायद्यात नसला तरी आपल्यात नारळ आहेच की. अंकल म्हणाले, मग साहेबांना तोंडावर सांग आणि परत कर.

सोमवारी मी, सगुणा आणि अंकल असे तिघं गेलो. मी नारळाचं सगळं घडाघडा सांगितलं. साहेब आधी गोंधळले, मग टेबल धरून हसले. तो पूजेचा प्रसाद होता, त्या दिवशी त्यांनी चाळीस नारळ वाटले होते, वॉचमनला दोन. माझ्या पाठीवरून एवढं ओझं उतरलं की पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही. ते सगुणाने केलं. अंकल एकेक कलम काढत होते आणि ती बाजारातल्यासारखी आपला भाव सांगून उठत होती. दोनदा दारापर्यंत गेली, दोन्ही वेळा साहेबांनीच परत बोलावलं. अंकल मला हळूच म्हणाले, हिला कोर्टात न्यायला हवी. शेवटी सात पानांची दोन झाली. सगुणाची पेटी सगुणाची, त्या सहा बायकांच्या पेट्या त्यांच्या. पुढे कारखान्यात जे बनवीन ते कंपनीचं. पाच वर्षांची दोन झाली, तीन वर्षांचं कलम गेलं, आणि खाली सगळं मराठीतही टाइप झालं. (राजारामने पाहिलं. समास लहान पडलाय म्हणाला.) एक बारीकसं कलम तेवढं राहिलंय, ते झालं की सही.

तर असा मी सुखरूप आहे. गेल्या तीन रात्री मेल्यासारखा झोपलो. मामींना नमस्कार सांगा आणि गुडघ्याला तेल चोळायला सांगा.

तुमचा आज्ञाधारक,
चंदर

ता. क. नारळ परत करायचा राहिला. सगुणाने तो मी आणला त्याच संध्याकाळी कालवणात घातला होता. म्हणजे आठवडाभर मी खाऊन झालेल्या नारळाला घाबरत होतो. तुमच्या झाडाचा एक चांगला पाठवा, साहेबांना देऊन टाकतो.

ता. क. २. ते बारीकसं कलम जामीनदाराचं आहे. रागावू नका मामा. सात पानी कागदात साहेबांनी जामीनदाराची एक रेघ दाखवली होती, तिथे मी पहिल्या दिवशीच्या गडबडीत तुमचं नाव, पत्ता आणि होडीचा नंबर लिहून टाकला होता. अंकल म्हणाले, तुमची सही नाही तोवर त्याला काही किंमत नाही. साहेब म्हणाले, मामा नको म्हणाले तर कलम काढतो, हो म्हणाले तर ठेवतो. हो म्हणालात तर मी मध्येच नोकरी सोडल्यावर होडी अडकेल. म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता मासळी नेणाऱ्या अनंताच्या टेंपोतून धाडतोय, कारण कंपनीचे कारकून कुंडलिकराव रविवारीच अर्नाळ्याला तुमच्याकडे येणार आहेत.

ता. क. ३. माणूस भला आहे, त्याला चहा द्या, मासे खाऊ घाला. पण कोळी माणसाला सात पानांपेक्षा नारळ घट्ट बांधतो, हे साहेबांना आता माझ्याच तोंडून कळलंय, आणि कुंडलिकराव मोठा, शेंडीवाला नारळ घेऊन निघणार आहेत. तुम्ही समोर आलेला नारळ आजवर कधी नाकारलेला नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मामा, तुमच्या पाया पडतो, रविवारी सकाळपासून अंगणात जाळं शिवत बसा, आणि तो जाईपर्यंत दोन्ही हात जाळ्यातून बाहेर काढू नका.