कावळ्याची पाच मिनिटं

गुरु., ६ फेब्रु.
कॉलेज रोडच्या कॅफेत ओपन माइक. समोर वीसेक जण, त्यातले निम्मे स्वतःचा नंबर यायची वाट बघणारे. ऑफिसचे जोक पडले. शेवटी कावळा काढला. बाबा रामकुंडावर दशक्रिया करतात. कावळा पिंडाला शिवेना की नातेवाईक गेलेल्या माणसाला वाट्टेल ते कबूल करत सुटतात. "काका म्हणाले, दारू सोडतो. कावळा जागचा हलला नाही. तो काकांना ओळखत होता." लोक फुटले.
बाबांना गुरुवारी क्लास असतो असं सांगितलंय. घरी आले तर ते एकटेच जेवून, माझं ताट झाकून बसलेले.

रवि., ९
कावळ्यावरची पाच मिनिटं लिहून जमली. सगळ्यांच्या कबुल्या आल्या, माझी सोडून. मागच्या वर्षी आईच्या दहाव्याला कावळा येईना. मामा बोलला, आत्या बोलली. मग मी हात जोडून म्हटलं, बाबांना एकटं जेवू देणार नाही. लगेच शिवला.
यात हसण्यासारखं काही नाही. शिवाय दर गुरुवारी मोडतेय.

मंगळ., ११
आतेभावाने बाबांना माझा कॅफेतला व्हिडिओ दाखवला. गाढव. बाबा एवढंच म्हणाले, "परवा मीही येतो. क्लासला."

गुरु., १३
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खुर्चीत. मी घाबरून परत ऑफिसचंच केलं. कुणी खोकलंसुद्धा नाही.
नंतर गाडीवर पावभाजी खाल्ली.
"कावळ्याचं का नाही केलंस?"
"तुम्ही होतात."
"मग? यजमानांची नावं घेऊ नकोस, बाकी खरंच आहे." पाव मोडत म्हणाले, "आणि हे बघ, आईच्या वेळी कावळा तुझ्या बोलण्यावर आला नव्हता. शेजारच्या पिंडापाशी भजी होती. ती संपवून मग आपल्याकडे आला."
मला हसू आलं, मग रडूच आलं. गाडीवाल्याला वाटलं, तिखट लागलं. पाणी दिलं बिचाऱ्याने.

गुरु., २०
निघताना विचारलं, भजी खरंच होती?
बाबा चपला घालत म्हणाले, "लोक हसतील ना? मग झालं."
आता कॅफेत. माझं नाव शेवटी आहे. माझी कबुली घालायची की नाही, अजून ठरत नाही. बाबा आज पहिल्या रांगेत. येताना दोघांचा डबा घेऊन आलेत.