काळी द्राक्षं आणि व्याह्यांचा डोळा

मोहाडी, ता. दिंडोरी
२९ एप्रिल २००१

ती. खंडेरावभाऊंना रावजीचा सा. नमस्कार. विंचूरला सगळे खुशाल असतील. तुमची पाठ आता वाकू देते का, ते कळवा. इकडे तुमची बहीण कला ठीक आहे (चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती, काल मीठ मागितलं तेव्हा बोलली).

तुम्ही दिलेल्या काड्यांच्या वेलींना यंदा पहिलंच पीक. गावातली हिरवी थॉमसन द्राक्षं मार्चमध्येच उतरली, आमची काळी आपली लटकलेली. पण रंग काय सांगू! जांभळासारखा काळा, वर पांढरी लव, साल अशी जाड की घड हलवला तरी मणी गळत नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रतिभाला बघायला पाटोद्याची मंडळी आली. पोहे झाल्यावर मला राहवेना, परातभर घड कापून आणले. या जातीला रंग आधी येतो आणि गोडी महिन्याने, हे मला कुठे ठाऊक? (आधी चाखायचे असतात, हे कलाबाई नंतर म्हणाली.)

मुलाच्या वडिलांनी पहिला मणी फोडला आणि त्यांचा उजवा डोळा गच्च मिटला. नेमकी समोर आमची चुलती तानुबाई पाणी घेऊन उभी (वय सत्तर). पाहुण्यांनी डोळा मारला असं वाटून ती तांब्या ठेवून आत गेली, ती बाहेर येईना. विहीणबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. स्थळ गेलं, असं मी धरून चाललो.

मुलगा ज्ञानेश मात्र शांतपणे एकेक मणी तोंडात टाकत होता. अख्खा घड संपवला, बिया मुठीत धरल्या आणि म्हणाला, "छान आहेत." प्रतिभाच्या मनात तोवर हे स्थळही नव्हतंच. तिने पहिल्यांदा मान वर केली. मंडळी गेल्यावर आईला म्हणाली, "या द्राक्षांना जो तोंड वाकडं करत नाही, तो माझ्या स्वयंपाकाला काय करणार? हाच." झाली सोयरीक. लग्न १३ मेला, तुम्ही दोन दिवस आधी या.

वहिनींना नमस्कार, पोरांना एकेक मणी (आता खरंच गोड झालेत).

तुमचा,
रावजी

ता. क. : त्या दिवशी सर्दीमुळे चवच कळत नव्हती, असं ज्ञानेशने परवा फोनवर प्रतिभाला सांगितलं. ती दिवसभर हसत होती. म्हणते, खरं बोलणारा आहे.

पुन्हा ता. क. : घड पिकलेत असं विंचूरच्या मामांनीच सांगितलं, असं मी व्याह्यांना बोलून बसलोय. लग्नात विषय निघाला तर तेवढं हो म्हणा. तुम्ही मुलीचे मामा, तुम्हाला कोण काय बोलणार?

दादा, हो म्हणू नकोस. अक्षय्य तृतीयेआधी घड तोडू नका, असं तू फेब्रुवारीतच लिहिलं होतंस. ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे. लग्नात घेऊन येते. — कला