आण्णांची उलटी बटणं

मंगळवार, दिवेलागण

ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राचा जुना कंट्रोलर आज मी उघडला. आण्णांनी तो सीटवर मागं तोंड करून, यंत्राकडं बघत जोडलेला. म्हणून डावं बटण दाबलं की उजवी बाजू बंद व्हायची. चालवताना तोंड पुढं असतं, हे ध्यानातच आलं नव्हतं त्यांच्या!

मी तारा बदलल्या. सांगितलंही. “लय बेस केलंस माय,” म्हणाले.

मग फवारताना हरभऱ्याच्या डाव्या कडेला आईची मेथी आली आणि त्यांचा हात सवयीनं उजव्या बटणावर गेला. डावी बाजू चालूच राहिली, मेथी औषधानं भिजली.

“आता ही कुणाला खाऊ घालू?” आई म्हणाली.

“माझाच हात चुकला. पोरीचं काम बराबर हाय.”

हात चुकला म्हणे. इतकी वर्षं त्याच हातानं मेथी वाचवली की! मग मी नीट तरी काय केलं?

आत्ताच पेचकस घेऊन पुन्हा डबा उघडला, तर आण्णा आलेच.

“काय करायलीस?”

“तुमचा हात दुरुस्त करायलेय.”

हसले. सीटवर चढले, मागं तोंड करून बसले आणि म्हणाले, “दे ती लाल तार इकडं.”