गादीखालची कुपी

मुलुंड, मंगळवार संध्याकाळ

दुपारी डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून "शुक्राणू शून्य" म्हटलं, तिथेच सगळं बदललं. मी उखडलो. "मॅडम, मी शंभर किलो उचलतो."

त्या शांतपणे म्हणाल्या, "इंजेक्शन कसलं घेतोस?"

गादीखालची ती कुपी. टेस्टोस्टेरॉन. जिच्याशी लग्न ठरलंय त्या रूपालीचा भाऊ मला काडीपैलवान म्हणाला, त्या रागात जिमच्या कोचकडून घेतलेली. कॉलेज सोडलंच होतं, निदान अंगाने तरी मी कुणी आहे असं दिसावं.

मी नाव सांगितलं तशा त्या म्हणाल्या, "मेंदू हार्मोन पाठवून वृषणांना कामाला लावतो. तू बाहेरून टेस्टोस्टेरॉन भरलंस, मेंदूला वाटलं भरपूर आहे, त्याने पाठवणं थांबवलं. मग शुक्राणू कसे बनणार?"

इंजेक्शन बंद केलं तर बहुतेक परत बनायला लागतील, म्हणाल्या. वर्षही लागू शकेल. खात्री नाही.

लग्नाआधी दोघांनी तपासण्या करायच्या, ही रूपालीचीच अट. मघाशी तिचा मेसेज आला, "माझं सगळं नॉर्मल. तुझं काय रे?" "नॉर्मल" लिहून दोनदा खोडलं. तिने मुलांची नावंसुद्धा ठरवलीत, वेडी. ती नाही म्हणाली तर? म्हणू दे. पण खोटं बोलून तिला बांधून ठेवू?

कुपी खिशात घातली. आता तिच्या घरी जातोय, भाऊ असला तरी त्याच्यासमोर सांगेन. दार ओढून घेतो.